कायतान पोदेराने विचारलं

वाटीभर आंबवण नेलंस, बाय,
दोन महिने झाले. बघतेस तरी काय त्यात?

चोडणच्या धक्क्यावर होतो आम्ही, साडेआठ,
फेरीबोट अजून रायबंदरच्या काठाला.
पाव संपलेले. सायकलच्या टोपलीत
निळं प्लास्टिक तेवढं, आणि तळाशी कोंडा.
मैदा आणायला निघाला होता.

म्हटलं, कायतानबाब, एकेक पेशी म्हणजे घर,
तुमच्या नखावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यात मावतील हजारो.
घरात एक खोली. खोलीत वही.
वही बाहेर नेत नाहीत. कधीच नाही.
घराची दोन घरं होतात तेव्हासुद्धा
खोलीची भिंत फुटत नाही, ताणत जाते,
मग मधोमध तुटते,
तुम्ही गोळा लांबवून दोन करता तशी.

आणि रांधप?

रांधप बाहेर, अंगणात.
म्हणून वहीतल्या एका पानाची नक्कल करायची,
मधल्या फालतू ओळी कातरायच्या,
डोक्याला टोपी, मागे शेपटी,
शेपटीवर एकच अक्षर, सत्तर वेळा.
भिंतीला शंभरावर दारं, पण दारात धाग्यांचा गुंता,
खाजणातल्या चिखलासारखा:
एकट्याने उतरलं की रुतलं.
वाट ठाऊक असलेला सोबती लागतो.
त्याचं नाव मेक्स सदुसष्ट.

हे नाव की गाडीचा नंबर, म्हणाला,
आणि तंबाखूच्या दातांनी हसला.

फेरी लागली. रॅम्प आपटला.
स्कूटरींच्या मधून आम्ही कडेला सरकलो.

दाराच्या आतल्या अंगाला टोपली असते,
खरंच, आम्हीही टोपलीच म्हणतो तिला.
पान नीट कातरलेलं नसेल तर ती ठेवून घेते.
आणि बाहेरच्या अंगाला एक जण उभा.
त्याचं काम हात धरायचं नाही, सोडवायचं.
पान पोचलं की सोबत्याचा हात सोडवतो,
मग पानाला परतीची वाट नाही,
सोबती रिकामा माघारी जातो
पुढच्या पानासाठी.

खलाशाने दोर सोडला.
ते मी ठरवलेलं नव्हतं.

मग त्याने विचारलं ते, जे आमच्या लॅबमध्ये
सेमिनारला कोणी विचारलं नव्हतं:
गेल्या मे महिन्यात आंबवण विसरलो होतो,
भट्टीवरच्या फळीवर. पीठ ऐकेचना.
तेव्हा आत काय चाललेलं?

बेचाळीस अंश झाले असतील, म्हटलं.
तेवढ्या तापात रोजची पानं अडतात.
साखर खा, वाढ, वाटून घे, असली सगळी.
खोलीतच साठतात. रंग घालून पाहिलं
तर खोली लखलखीत, अंगण काळं.
एकाच जातीचं पान तेवढं सुटतं:
घर सावरा, जळतंय.
त्याला टोपलीही विचारत नाही.

मांडवीच्या मध्यावर इंजिनाचाच आवाज.
बगळा एक, खारफुटीवर.

विल्टनचं तसंच, म्हणाला.
स्विंडनला गेला तो. बरा असला की फोन नाही.
पैसे अडले, पाय मोडला,
बायलेने दार लावून घेतलं,
की रात्री दोनला वाजतो.
काय जेवला, थंडी किती, शेजारी कोण,
यातलं काही येत नाही.

मग पाण्याकडे बघत:
पण साठत असेल ना? आत? ते बाकीचं?

साठतं, म्हटलं. निवलं की दारं उघडतात.
पानं पोचतात.

काही आतच विरून जातात,
हे मी सांगितलं नाही.

रायबंदरला रॅम्प टेकला.
त्याने सायकल चढावर काढली,
आणि वळणावर, टोपलीत काही नसताना,
भोंगा दाबला.
दोनदा.